पट्टी डिलीट केली तर तिच्या ओळी कुठं जातात? एसक्यूएलअल्केमीतलं कॅस्केड आणि सेशन

मोंढ्यातल्या एखाद्या आडत दुकानाचं सॉफ्टवेअर डोळ्यासमोर ठेवा, लातूर म्हणा नाहीतर परभणी. शेतकरी माल आणतो, काटा होतो, हमाली-तोलाई कापून पट्टी बनते. टेबल तीन: शेतकरी, पट्टी आणि पट्टीतल्या ओळी, म्हणजे सोयाबीन 22 कट्टे, तूर 9 कट्टे, हरभरा 4 कट्टे असं. मागं पायथन आणि एसक्यूएलअल्केमी, म्हणजे पायथनमधून डेटाबेसशी बोलणारी लायब्ररी. आता मुनीम म्हणायलाय की ही पट्टी दोनदा झाली, एक काढून टाका.

कोडला हात लावायच्या आधी कुणाशिवाय कोण राहू शकतं ते ठरवा. ओळ पट्टीशिवाय राहूच शकत नाही, पट्टी गेली की ती गेलीच पाहिजे. शेतकरी आणि पट्टीचं तसं नाही, शेतकऱ्याचं नाव काढलं आणि त्याच्या मागच्या हंगामाच्या सगळ्या पट्ट्या उडाल्या तर वर्षाअखेरचा हिशोब कसा लागणार? तिथं डिलीट कॅस्केड, म्हणजे एक काढलं की त्याला जोडलेलंही आपोआप काढणं, लावायचंच नाही, शेतकऱ्याच्या टेबलात 'चालू' नावाचा खरं-खोटं ठेवणारा कॉलम घ्या आणि नाव नुसतं बंद करा. नेटवरून 'ऑल, डिलीट-ऑर्फन' उचलून दिसेल त्या रिलेशनशिपला (क्लासमध्ये लिहिलेला दोन टेबलांमधला दुवा) चिकटवायची सवय असते बऱ्याच जणांना, ते लई महागात पडतं.

आता काहीच न लिहिता पट्टी डिलीट केली तर काय होतं बघा. रिलेशनशिपचं डिफॉल्ट कॅस्केड फक्त सेव्ह-अपडेट आणि मर्ज एवढंच आहे, डिलीट त्यात नाही. म्हणून एसक्यूएलअल्केमी ओळी काढत नाही, ओळ कुठल्या पट्टीची ते सांगणाऱ्या पट्टी_आयडी कॉलममध्ये नल, म्हणजे रिकामी किंमत, टाकते. कॉलमला नल चालत नसेल तर इंटिग्रिटी एरर येतो, आणि तो आला तर बरंच म्हणायचं, कारण नल चालत असेल तर कुणालाच काही कळत नाही, पट्टी गेलेली असते आणि ते 22 कट्टे मात्र मालाच्या बेरजेत तसेच बसलेले असतात, कुणाचे ते सांगता येत नाही. म्हणून पट्टी_आयडीला नलेबल इक्वल्स फॉल्स लावूनच टाका.

मग पट्टीच्या क्लासमध्ये 'ओळी' या रिलेशनशिपला कॅस्केड द्या, 'ऑल, डिलीट-ऑर्फन'. दोन्ही शब्द लागतात, कारण 'ऑल' मध्ये डिलीट येतं पण डिलीट-ऑर्फन येत नाही. फरक असा की नुसत्या 'ऑल' वर पट्टी काढली की ओळी जातात, पण पट्टी तशीच ठेवून लिस्टमधून फक्त हरभऱ्याची ओळ रिमूव्ह केली तर पुन्हा तेच नलचं लफडं. डिलीट-ऑर्फन असलं की ती ओळ टेबलातूनच जाते. आणि हे पट्टीच्या बाजूलाच लिहा हां, ओळीच्या बाजूच्या रिलेशनशिपला डिलीट लावलं तर एक ओळ काढायला गेलात की अख्खी पट्टी उडते.

खात्री करायची तर इंजिन (डेटाबेसची जोडणी) बनवताना इको ट्रू करा, म्हणजे जाणारं एसक्यूएल स्क्रीनवर दिसतं, आणि टेस्ट डेटाबेसवर एक पट्टी काढून बघा. आधी ओळींचे डिलीट आणि मग पट्टीचा डिलीट दिसला तर जमलं, पण 'अपडेट' आणि पुढं पट्टी_आयडी नल दिसलं तर कॅस्केड लागलेलंच नाही.

आता सेशन, म्हणजे आपले बदल गोळा करून डेटाबेसला पाठवणारा मधला ऑब्जेक्ट, खरा गोंधळ इथं होतो. सेशन डॉट डिलीट म्हटलं म्हणजे डिलीट झालं असं नाही, त्या ऑब्जेक्टवर फक्त खूण होते. फ्लश झाला की एसक्यूएल जातं, कमिट झालं की पक्कं, तोवर रोलबॅकनं सगळं परत येतं. एखादी ओळ अशी थेट डिलीट केली तर फ्लशनंतरसुद्धा मेमरीतल्या पट्टीच्या लिस्टमध्ये ती दिसत राहते, कमिट केल्यावर नाहीतर पट्टी रिफ्रेश केल्यावर जाते. म्हणून मी शक्यतो लिस्टमधूनच रिमूव्ह करतो, उरलेलं डिलीट-ऑर्फन बघून घेतं.

एका कामाला एक सेशन, विथ ब्लॉकमध्ये उघडा, काम करा, बंद करा. ग्लोबल सेशन ठेवून सगळ्या थ्रेडनी तोच वापरायचा हा प्रकार नको, सेशन त्यासाठी बनलेलाच नाही. फ्लशमध्ये एरर आला तर आधी रोलबॅक, नाहीतर पुढची प्रत्येक क्वेरी पेंडिंग रोलबॅक एरर देत बसते. एका सेशनमधली पट्टी दुसऱ्या सेशनला डिलीट करायला दिली तर 'ऑलरेडी अटॅच्ड' म्हणून ओरडतो, तेव्हा ऑब्जेक्ट फिरवू नका, आयडी फिरवा आणि चालू सेशनमध्ये गेट करून घ्या. सेशन बंद झाल्यावर पट्टीच्या लोड न झालेल्या ओळी मागितल्या तर डिटॅच्ड इन्स्टन्स एरर येणारच, ओळी आधीच लोड करून ठेवा.

एक राहिलं. क्वेरीवर फिल्टर लावून एकदम शंभर पट्ट्या डिलीट केल्या तर वरचं पायथनमधलं कॅस्केड चालतच नाही, तिथं डेटाबेसचंच ऑन डिलीट कॅस्केड लागतं. ते ओळीच्या टेबलातल्या पट्टी_आयडीच्या फॉरेन की वर (पट्टीच्या टेबलाशी बांधणारा नियम) लिहा, आणि सोबत रिलेशनशिपला पॅसिव्ह डिलीट्स ट्रू द्या, म्हणजे एक पट्टी काढायला सगळ्या ओळी उगाच मेमरीत ओढल्या जात नाहीत. एसक्यूएलाइट असेल तर फॉरेन की मुळात बंद असतात, प्रत्येक कनेक्शनला त्यांचा प्राग्मा, म्हणजे सेटिंग, चालू करावा लागतो. आणि मॉडेलमध्ये ऑन डिलीट लिहून टेबलं बनवणारं क्रिएट ऑल चालवलं तरी आधीपासून असलेल्या टेबलात काहीच बदलत नाही, अलेंबिकनं (टेबलांची रचना बदलायचं साधन) मायग्रेशन करून जुना कन्स्ट्रेंट काढा आणि नवा टाका.