गेमिंग कन्व्हेन्शन भरवताय? आधी दाराचं आणि रांगेचं बघा

कन्व्हेन्शनची तयारी बहुतेक ठिकाणी खेळांच्या यादीपासून सुरू होते. कोणते गेम, कोणते पाहुणे, कोणती स्पर्धा यावर महिनोन्‌महिने बैठका होतात आणि माणसं दारातून आत कशी येणार याचा विषय शेवटच्या आठवड्यात निघतो. ही यादी मी मुद्दाम उलटी लावली आहे: आधी दार, मग रांग, मग वीज आणि नेटवर्क, मग स्वयंसेवक आणि मग खेळ. प्रत्येक ठिकाणी एक प्रश्न विचारत चला. इथे काही बिघडलं तर निर्णय कोण घेणार, आणि तो माणूस त्या वेळी इथेच उभा असेल का? मोठ्या संमेलनांमध्ये जो मनस्ताप होतो, त्याच्या मुळाशी बहुधा हेच सापडतं की जागेवर असलेल्याला अधिकार नाही आणि अधिकार असलेला जागेवर नाही.

पहिलं काम म्हणजे आकडा ठरवणं, आणि हे वर्षभर आधी व्हायला हवं. जागेची मंजूर क्षमता म्हणजे एका वेळी आत असणाऱ्या सगळ्यांचा आकडा. त्यात स्टॉलवाले, स्वयंसेवक, सुरक्षारक्षक, सफाई कर्मचारी हे सगळे आले. त्यांना वजा करून मगच तिकिटांचा हिशोब मांडा. चार दिवसांचा एकच पास द्यायचा की रोजचं वेगळं तिकीट, हेही याच बैठकीत ठरवा, कारण शनिवारची गर्दी आटोक्यात ठेवायची तर रोजच्या तिकिटासारखा दुसरा उपाय नाही. वाढ सांगून येत नाही, याचा अनुभव जुन्या संमेलनांनाही आहे. जेन कॉन हे टेबलावरच्या खेळांचं संमेलन १९६८ साली अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात लेक जिनिव्हा या छोट्या गावातल्या एका सभागृहात सुरू झालं. आता इंडियानापोलिसमध्ये ते ७० हजारांच्या वर माणसं जमवतं, आणि २०१७ साली, पन्नासाव्या वेळी, त्याची सगळी तिकिटं पहिल्यांदाच आधी संपली. जर्मनीत कोलोनच्या गेम्सकॉम या व्हिडिओ गेम मेळ्याला २०१९ मध्ये ३ लाख ७३ हजार लोक आले होते. तुमचं संमेलन यातल्या कशाच्याही जवळ नसेल, तरी गेल्या वेळच्या दीडपट लोक आले तर काय करायचं हे कागदावर लिहून ठेवा.

आता दार. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण सगळा दिवस इथेच ठरतो. समजा पहिल्या सकाळी १२ हजार लोक बॅज, म्हणजे गळ्यातला प्रवेशपास, घ्यायला येणार आहेत. एका माणसाला ओळखपत्र दाखवून, नाव शोधून, बॅज हातात मिळायला एक मिनिट लागतं. दहा खिडक्या असतील तर तासाला ६०० माणसं आत जातील, म्हणजे शेवटच्या माणसाची पाळी वीस तासांनी. तीन तासांत सगळ्यांना आत घ्यायचं तर सदुसष्ट खिडक्या लागतील, आणि तेवढी माणसं कुणाकडेच नसतात. म्हणून बॅज आधी पोस्टाने पाठवा किंवा आदल्या संध्याकाळी वाटा, आणि दारावर फक्त स्कॅनिंग ठेवा. पाच सेकंदांत एक या हिशोबाने एका दारातून तासाला ७२० जण जातात, म्हणजे सहा दारांत काम भागतं. पण दारांच्या आधी बॅग तपासणीची टेबलं असतात आणि खरी अडवणूक तिथे होते. एका बॅगेला वीस सेकंद धरले तरी एका टेबलावर तासाला १८०च बॅगा होतात. एका स्कॅनिंग दारामागे चार टेबलं नसतील तर तुमची दारं रिकामी आणि रांग मात्र रस्त्यावर, असं चित्र दिसेल. ज्यांच्याकडे बॅग नाही त्यांची वेगळी वाट करा. नाव सापडत नाही, तिकीट दुसऱ्याच्या नावावर आहे, पैसे दोनदा कापले गेले, असली प्रकरणं मुख्य रांगेत कधीच सोडवू नका. त्यांच्यासाठी बाजूला खिडकी असू द्या आणि तिथे परताव्याचा निर्णय जागेवर घेऊ शकणारा माणूस बसवा. कॉस्प्लेच्या, म्हणजे पात्रांचा वेश करून येणाऱ्यांच्या, तलवारी आणि बंदुका तपासून खूणचिठ्ठी बांधायचं टेबलही बाजूलाच.

रांगेला जागा लागते, हे नकाशा काढल्याशिवाय पटत नाही. दोघे-दोघे शेजारी, पाठीवर बॅगा, एका जोडीला मीटरभर जागा धरली तर हजार माणसांची रांग ५०० मीटर होते. ती कुठून कुठे जाणार, ऊन-पावसात तिच्यावर छप्पर आहे का, रुग्णवाहिकेची वाट ती अडवते का, हे नकाशावर पेन्सिलीने आखून मग प्रत्यक्ष पायी चालून बघा. ज्यांना फार वेळ उभं राहता येत नाही त्यांच्यासाठी खुर्च्या किंवा नंतर परत येण्याची वेळ लिहिलेली चिठ्ठी, यातलं काहीतरी हवंच. चौरस मीटरला चार माणसं झाली की पावलं अडखळायला लागतात आणि पाचच्या पुढे गर्दी स्वतःच्या ताब्यात राहत नाही. म्हणून ‘पहिल्या दोनशेंना मोफत’ असली घोषणा हॉलमध्ये कुणालाही करू देऊ नका, स्टॉलवाल्यांच्या करारातच तसं लिहा. सही समारंभ असो की मर्यादित आवृत्तीची विक्री, टोकन आदल्या दिवशी सोडतीने वाटा. ऑनलाइन नोंदणीलाही हेच लागू आहे. ठरलेल्या मिनिटाला हजारोंनी एकदम बटण दाबलं की सर्व्हर मान टाकतो. जेन कॉन हॉटेलच्या खोल्यांसाठी प्रत्येकाला सोडतीने वेळ देतं. तुमच्या आवडत्या सत्रांच्या जागांसाठीही तसं करता येईल.

रांगेच्या शेवटी पाटी धरून एक स्वयंसेवक उभा असतो. बहुधा विशी-बाविशीचं पोर, पहिल्यांदाच आलेलं. दर मिनिटाला कुणीतरी येऊन विचारतं, किती वेळ लागेल? त्याला माहीत नसतं. वॉकीटॉकी रेडिओवर विचारतो, तर समोरून ‘थांब, सांगतो’. दहा मिनिटांनी पुन्हा तेच उत्तर. एव्हाना त्याच्याभोवती आठ-दहा जणांचं कोंडाळं झालेलं असतं आणि त्यातला एक आवाज चढवून बोलत असतो. या मुलाला तुम्ही तीन गोष्टी द्यायला हव्या होत्या. रांगेत ठरावीक अंतरावर खुणा, म्हणजे ‘इथून सुमारे ४० मिनिटं’ असं त्याला स्वतःला बघून सांगता आलं असतं. रांग बंद करण्याचा अधिकार, म्हणजे ज्यांची पाळी येणारच नाही त्यांना त्याने तेव्हाच परत पाठवलं असतं. आणि उत्तर ठाऊक नसेल तेव्हा म्हणायचं वाक्य: ‘अकरा वाजता मी इथेच पुढची माहिती देईन.’ लोक उशीर सहन करतात. आपल्याला कुणी काही सांगत नाही, हे त्यांना सहन होत नाही.

विजेचं गणित दोन महिने आधी करा. १६ अँपिअरच्या एका सर्किटवर २३० व्होल्टने ३६८० वॅट मिळतात, पण तासन्‌तास चालवायचं तर ८० टक्क्यांच्या पुढे जाऊ नये, म्हणजे साधारण २९०० वॅट. गेमिंग संगणक आणि मॉनिटर मिळून ५०० ते ६०० वॅट खातात. म्हणजे एका सर्किटवर पाच संगणक. दहा जोडलेले बऱ्याच ठिकाणी दिसतात आणि अंतिम फेरीच्या ऐन रंगात फ्यूज उडतो. स्टॉलवर पाणी तापवायची किटली सापडली तर ती लगेच काढायला लावा, ती एकटीच चार संगणकांची वीज घेते. वितरण पेटी कुठे आहे आणि तिची चावी कुणाकडे, हे नाव-नंबरासह लिहून ठेवा.

नेटवर्कचा धडा २०१७ सालीच मिळालेला आहे. २२ जुलैला शिकागोच्या ग्रँट पार्कमध्ये पोकेमॉन गो या मोबाइल गेमच्या फेस्टला सुमारे २० हजार लोक आले, मोबाइल नेटवर्क कोलमडलं, कित्येकांना गेममध्ये शिरताच आलं नाही. आयोजकांना तिकिटांचे पैसे परत करावे लागले आणि पुढे खटल्यात १५ लाख ७५ हजार डॉलरची तडजोड झाली. म्हणून मोबाइल कंपन्यांशी आधी बोला, तात्पुरते टॉवर मिळतात. स्पर्धेचं प्रत्येक यंत्र तारेनेच जोडा. २.४ गिगाहर्ट्‌झच्या वायफायमध्ये एकमेकांवर न चढणारी चॅनेल तीनच असतात आणि प्रत्येक स्टॉलवाला स्वतःचा राउटर घेऊन येतो, त्यामुळे खासगी राउटरना करारातच बंदी हवी. आदल्या रात्री प्रत्येक कन्सोल चालू करून, गेम उघडून, अपडेट पूर्ण करून घ्या. लॉगिनचा कोड ज्या फोनवर येतो तो फोन कुणाच्या खिशात आहे, हेही विचारा, कारण तो माणूस विमानात असताना सामना अडकू शकतो. नोंदणीची यादी आडनावानुसार छापून प्रत्येक खिडकीवर ठेवा, नेट गेलं तरी काम चालू राहतं.

माहितीच्या सुरक्षेबद्दल थोडक्यात. २०१९ मध्ये ई३ या अमेरिकेतल्या व्हिडिओ गेम प्रदर्शनाच्या संकेतस्थळावर दोन हजारांहून जास्त पत्रकारांचे पत्ते आणि फोन नंबर असलेली फाइल कुणालाही उघडता येईल अशी पडून होती. जुन्या वर्षांच्या याद्या आजच शोधा आणि पुसा.

स्वयंसेवकांकडे वळू. पाळी चार तासांची, फार तर सहा. प्रत्येक जागेसाठी बदली माणूस, नाहीतर शौचालयाला जायला मुलं घाबरतात. प्रत्येकाच्या गळ्यात एक कार्ड असू द्या: शौचालय कुठे, प्रथमोपचार कुठे, रांगेचं टोक कुठे, हॉल किती वाजता बंद होतो आणि अडचण आली तर कुणाला बोलवायचं. विभागप्रमुखाला ठरावीक रकमेपर्यंत परतावा देण्याची आणि एखाद्याला विनातिकीट आत सोडण्याची मुभा द्या. चार चुकीचे लोक आत गेले तर फारसं बिघडत नाही. चारशे लोक एका फोनची वाट बघत थांबले तर दुपारपर्यंत दार सावरत नाही. रेडिओवर विभागानुसार वाहिन्या वेगळ्या ठेवा. हरवलेलं मूल आणि वैद्यकीय मदत यांच्यासाठी ठरलेले शब्द सगळ्यांकडून तोंडपाठ करून घ्या.

छेडछाडीच्या तक्रारीसाठी रात्रीपर्यंत दोन प्रशिक्षित माणसं एका बंद खोलीत बसलेली हवीत, आणि त्यांना कुणाचाही बॅज काढून घेण्याचा अधिकार हवा. पाहुणा प्रसिद्ध असला तरीही. ‘समितीला विचारून सांगतो’ हे उत्तर ऐकून तक्रार करणारी व्यक्ती निघून जाते आणि पुन्हा येत नाही. नियम तिकिटावर, पाट्यांवर आणि कार्यक्रमपत्रिकेत एकाच शब्दांत छापा.

आरोग्याचं काम कंटाळवाणं वाटतं म्हणून मागे पडतं. २००९ साली सिअ‍ॅटलच्या पॅक्स या गेमिंग संमेलनात एच१एन१ फ्लू पसरला होता. कंट्रोलर, हेडफोन आणि व्हीआर हेडसेट प्रत्येक खेळाडूनंतर पुसायचे, आणि हे काम कुणा एकाच्या नावावर लिहायचं. पाण्याची सोय प्रत्येक हॉलमध्ये करा. दिव्यांच्या झगमगाटापासून दूर एक शांत खोली ठेवा. पॅक्समध्ये टेक धिस या संस्थेने अशा खोल्या चालवल्या आहेत. गोंगाटाने गुदमरलेल्या माणसाला तिथे अर्धा तास बसता आलं तर तो घरी न जाता परत खेळायला येतो.

आता खेळ. रोल-प्लेइंगची, म्हणजे पात्र होऊन कथा खेळण्याची, टेबलं स्पर्धेच्या स्पीकरजवळ लावू नका. कथा सांगून खेळ चालवणाऱ्या गेम मास्टरचा घसा पहिल्याच दिवशी बसतो आणि टेबलाच्या टोकाचा खेळाडू नुसता मान हलवत राहतो. छोट्या खोल्या मिळाल्या तर त्या आधी यांना द्या. प्रत्येक सत्रासाठी दोन-तीन राखीव गेम मास्टर सोप्या, तयार कथेसह बसवून ठेवा, कारण ऐनवेळी न येणारे असतातच आणि महिनाभर आधी जागा घेतलेले सहा जण रिकाम्या टेबलाकडे बघत बसतात. दोन सत्रांमध्ये अर्धा तास मोकळा सोडा. टेबलांचे नंबर डोक्यावर टांगा, कारण टेबलावरची पाटी माणसं बसली की दिसत नाही. बोर्ड गेमच्या वाचनालयात ठेव म्हणून मूळ ओळखपत्र घेऊ नका, बॅज स्कॅन करा. खोका परत येताना वजन करा, सोंगट्या मोजत बसण्यापेक्षा लवकर होतं.

मांडणीच्या दिवशी दारं सताड उघडी असतात, माणसं ट्रॉल्या ढकलत असतात, कुणी कुणाला ओळखत नाही. २०२३ च्या जेन कॉनमध्ये सुमारे ३ लाख डॉलरच्या खेळायच्या पत्त्यांचा, फळीवर रचलेला अख्खा पॅलेट असाच ढकलत नेला गेला. म्हणून पहारा पहिल्या पेटीबरोबरच सुरू व्हायला हवा, आणि माल बाहेर नेणाऱ्या प्रत्येकाची पावती तपासणारा माणूस मागच्या दाराशी हवा.

शेवटच्या दिवशी स्टॉलवाल्यांना दुपारपासूनच आवरायची घाई असते. लोक पूर्ण बाहेर पडेपर्यंत एकही ट्रॉली हॉलमध्ये येणार नाही, हे ध्वनिक्षेपकावरून दोनदा सांगा आणि पाळायला लावा. सापडलेल्या वस्तू, म्हणजे फासे, चार्जर, पत्त्यांचे डेक, कधी औषधं, या सगळ्यांवर कुठे आणि केव्हा सापडल्या ते लिहा. पत्त्यांचा डेक महागडा असू शकतो, म्हणून तो पाकिटात बंद करून दोघांच्या सह्या घ्या. त्याच संध्याकाळी प्रत्येक विभागप्रमुखाकडून नोंदवही गोळा करा, आठवड्याने लिहिलेलं अर्धं विसरलेलं असतं. पंधरा दिवसांच्या आत बैठक घ्या. प्रत्येक अडचणीपुढे एक नाव आणि एक तारीख लिहा, आणि पुढच्या वर्षीच्या हॉलचा करार त्यानंतरच करा.