नातेवाईक अमेरिकेच्या सीमेवर अडकलाय? पैशांच्या आधी हे बघा

सॅन डिएगोत एका इमिग्रेशन वकिलाच्या ऑफिसात मी पॅरालीगल म्हणून काम करते. माहेर धुळ्याचं, त्यामुळे मराठी, अहिराणी, हिंदी आणि कामापुरती गुजराती येते. तिकडून येणारे फोन साहजिकच माझ्या टेबलावर येऊन पडतात. फोन करणारा बहुतेक वेळा मामा, मेहुणा नाहीतर थोरला भाऊ असतो आणि पहिला प्रश्न ठरलेला: "ताई, किती पैसे भरले की सुटेल?"

पैशांचं नंतर बघू. पहिल्या काही दिवसांत पैशांनी काहीही हलत नाही. तेव्हा तीनच गोष्टी महत्त्वाच्या असतात: तो कुणाच्या ताब्यात आहे, त्याचा नंबर काय, आणि त्यानं कागदावर काय सांगितलंय. मी वकील नाही. वकील तुम्हाला गाठावाच लागेल. पण वकिलाकडे जाताना हातात काय हवं आणि तोवर काय करू नये, एवढं मी सांगू शकते.

तो कुणाच्या ताब्यात आहे

"पोलिसांनी पकडलंय" असं म्हणून भागत नाही. सॅन इसिड्रोसारख्या सीमेवरच्या अधिकृत नाक्यावर जाऊन तो स्वतः उभा राहिला असेल, तर निळ्या गणवेशातले लोक त्याला घेतात. सॅन डिएगोच्या पूर्वेला हाकुंबाच्या डोंगरात सीमेच्या भिंतीच्या फटीतून आला असेल, तर हिरव्या गणवेशातली बॉर्डर पेट्रोल. दोन्ही सीबीपी या एकाच, सीमा आणि कस्टम्स बघणाऱ्या खात्याची माणसं. तिथून पुढे ज्यांना ठेवून घ्यायचं ते आइस या दुसऱ्या, इमिग्रेशनचे कायदे राबवणाऱ्या खात्याकडे जातात. मोठी डिटेन्शन सेंटरं आइसची, आणि त्यातली बरीचशी खासगी कंपन्या चालवतात.

नाक्यावरून की डोंगरातून, हे वकील पहिल्या मिनिटाला विचारतो. त्यावर पुढे जामीन मागता येतो की नाही हे ठरू शकतं. तारीखही तितकीच महत्त्वाची, कारण नियम सारखे बदलतात आणि अमुक दिवशी आलेल्याला अमुक नियम लागतो. मे २०२३ पर्यंत 'टायटल ४२' होतं, म्हणजे कोविडचं कारण देऊन सीमेवरूनच परत पाठवायचा नियम. मग नियम आला की वाटेतल्या देशात आश्रय न मागता आलात तर मुळात अपात्र धरणार. जून २०२४ मध्ये आणखी कडक केलं. २० जानेवारी २०२५ ला वेळ ठरवून नाक्यावर येण्याचं सीबीपी वन अ‍ॅप बंद झालं आणि त्याच दिवशीच्या घोषणेनं सीमेवर असाइलम, म्हणजे आश्रय, मागण्याची वाटच जवळजवळ अडवली. जुलै २०२५ मध्ये वॉशिंग्टनच्या फेडरल कोर्टानं ती घोषणा बेकायदा ठरवली, सरकार अपिलात गेलं. म्हणून "माझ्या साडूचा मुलगा २०२२ ला असाच आला, आता ट्रक चालवतोय" हा दाखला इथे काही कामाचा नाही. त्याचा नियम वेगळा होता.

पहिले तीन दिवस

सीबीपीच्या कोठडीत साधारणपणे ७२ तासांपेक्षा जास्त ठेवू नये असं त्यांचंच मानक आहे. प्रत्यक्षात जास्तही होतं. फोन, पट्टा, बुटाच्या नाड्या काढून पिशवीत भरतात, बोटांचे ठसे आणि फोटो घेतात. खोली इतकी गार असते की सगळे तिला स्पॅनिशमध्ये 'इएलेरा', म्हणजे बर्फाची पेटी म्हणतात. अंगावर घ्यायला चंदेरी फॉइलचं पांघरूण. या दिवसांत त्याचा फोन आला नाही म्हणून तो मेला असं समजू नका, आणि एजंटनं "तो सुखरूप बाहेर पडलाय, उरलेले पैसे टाका" म्हटलं म्हणून तो सुटला असंही समजू नका.

तो अठरा वर्षांखालचा आणि एकटा असेल तर रस्ता पूर्ण वेगळा. त्याला ७२ तासांच्या आत मुलांच्या आश्रयगृहांचं काम बघणाऱ्या खात्याकडे द्यायचं असतं. वय खोटं सांगायला लावणारे एजंट आहेत. तो खोटेपणा नंतर त्या पोराच्याच मुळावर येतो.

ए-नंबर

हा नंबर म्हणजे सगळ्या प्रकरणाची किल्ली. 'ए' अक्षर आणि पुढे नऊ आकडे, प्रत्येक कागदावर वरच्या कोपऱ्यात. आठच आकडे दिसले तर पुढे शून्य लावायचं. त्याचा पहिला फोन आला की जेवलास का, रडू नको, हे नंतर. आधी नंबर लिहून घ्या आणि त्याच्याकडून परत वाचून घ्या. फोन एक-दोन मिनिटांत तुटतो.

नंबर मिळाला की आइसच्या 'ऑनलाइन डिटेनी लोकेटर'वर नंबर आणि जन्मदेश टाकून तो कुठल्या सेंटरला आहे ते बघा. नंबर नसेल तर नाव आणि जन्मदेशावरून शोधता येतं, पण इथे आपल्या नावांचा घोळ होतो. आपल्या पासपोर्टवर वडिलांचं नाव पहिल्या नावाला चिकटून येतं. इथला कारकून कधी ते आडनाव समजतो, कधी गाळतो. जाधवमधला एच पडतो, चौधरीचं स्पेलिंग चार तऱ्हांनी होतं. पासपोर्टवर एकच नाव असेल तर पहिल्या नावाच्या जागी 'एफएनयू' लिहितात, म्हणजे पहिलं नाव माहीत नाही. त्यामुळे उलटसुलट करून सगळे प्रकार टाकून बघा. पासपोर्टची फोटोकॉपी घरी असेल तर काम निम्मं सोपं होतं. वाटेत पासपोर्ट फेकून द्यायला सांगितलेलं असतं, हे मला माहीत आहे, तुम्हालाही माहीत आहे.

रोज बघत राहा. आज सॅन डिएगोजवळच्या ओटाय मेसा सेंटरला असलेला माणूस परवा लुइझियानात किंवा मिसिसिपीत निघतो. हलवण्याआधी तुम्हाला कुणी कळवत नाही.

पहिला जबाब, आणि मग मुलाखत

पकडल्यावर अधिकारी शपथेवर जबाब घेतो. जुन्या फॉर्मवर ठरलेले प्रश्न होते: देश का सोडला, परत जायची भीती वाटते का, परत गेलास तर इजा होईल का. जून २०२४ च्या नियमानंतर भीतीचं अधिकाऱ्यानं स्वतःहून विचारायचं बंधन काढलं गेलं. ज्याला खरंच भीती आहे त्यानं ते आपणहून, स्पष्ट सांगायचं. हा जबाब फाइलला कायमचा चिकटतो. तिथे "कामधंद्यासाठी आलो" लिहिलं गेलं आणि महिन्यानं वेगळी कथा आली, तर सरकारी वकील दोन्ही कागद शेजारी ठेवून वाचून दाखवतो. मी अशी प्रकरणं कोसळताना पाहिली आहेत, आणि त्यातल्या काहींची भीती खरी होती.

भीती सांगितली आणि तेव्हाचा नियम आड आला नाही, तर असाइलम अधिकाऱ्याची मुलाखत होते. तिला 'क्रेडिबल फिअर' म्हणतात. बहुतेक वेळा फोनवर. एका छोट्या खोलीत टेबल, स्पीकरवर फोन, पलीकडे अधिकारी टाइप करतोय आणि तिसऱ्याच गावातून दुभाषी बोलतोय. तयारीला थोडा वेळ मिळायला हवा आणि स्वखर्चानं वकील किंवा सल्लागार सोबत घेता येतो. भाषा मागता येते. हिंदी जेमतेम येणारी पोरं भिडेखातर "हिंदी चालेल" म्हणतात, तसं करू नये. दुभाषी कळत नसेल तर तिथल्या तिथे सांगावं. शेवटी अधिकारी सारांश वाचून दाखवतो. चूक दुरुस्त करायची हीच वेळ. झोप आलीय म्हणून "ठीक आहे, ठीक आहे" म्हणत सुटायचं नाही.

आता कटू भाग. कर्ज, दुष्काळ, बेकारी, भावकीतला बांधाचा वाद, यावर असाइलम मिळत नाही. कायद्याला पाचच कारणं मान्य आहेत: वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, राजकीय मत, किंवा विशिष्ट सामाजिक गटात असणं. आंतरजातीय लग्नामुळे जिवावर उठलेले घरचे, धर्मांतरामुळे झालेले हल्ले, राजकीय मारहाण, अशी प्रकरणं उभी राहू शकतात. तरीही भारतीयांना एक प्रश्न हमखास येतो: "धुळ्यात धोका होता तर पुण्यात जाऊन का नाही राहिलात?" त्याचं खरं उत्तर त्याच्याकडे असायला हवं. पाठलाग झाला का, पोलिसांकडे गेला का, त्यांनी काय केलं.

इथे घरच्यांचा खरा उपयोग आहे. आपल्याकडे तारखा "पोळ्याच्या आदल्या दिवशी" किंवा "ऊसतोडीला गेलो होतो तेव्हा" अशा लक्षात असतात. अधिकाऱ्याला महिना आणि वर्ष हवं असतं. त्या वर्षीचं जुनं कालनिर्णय काढा, घटना लावून घ्या, वकिलाला द्या. त्याला फोनवर पढवत बसू नका. सेंटरमधले फोन ऐकले जातात, भिंतीवर तशी पाटीच असते. आणि न घडलेलं काही घुसवू नका. जाणूनबुजून बनावट अर्ज केल्याचं न्यायाधीशानं ठरवलं तर इमिग्रेशनचे जवळजवळ सगळे मार्ग कायमचे बंद होतात.

मुलाखतीत नकार आला तर न्यायाधीशाकडून फेरतपासणी मागता येते. फॉर्मवर तसा रकाना असतो, तिथे 'हो' म्हणून सही करायची. सात दिवसांत ती व्हायला हवी. तिथेही नकार आला की परत पाठवणी, आणि झटपट हकालपट्टीच्या आदेशानं पाच वर्षं येण्यावर बंदी. ५ फेब्रुवारी २०२५ ला अमृतसरला उतरलेल्या लष्करी विमानात १०४ जण होते, त्यातले तीन महाराष्ट्रातले. बेड्यांचे फोटो सगळ्यांनी पाहिले. डिसेंबर २०२३ मध्ये फ्रान्समधल्या वात्री विमानतळावर अडवलेलं, निकाराग्वाला निघालेलं विमान तर २७६ जणांना घेऊन थेट मुंबईलाच आलं. तरी दुसरा एजंट गाठून निघणारे आहेतच.

कागद

एफआयआर असेल तर तिची प्रत काढा. तक्रारदाराला ती फुकट मिळते, आणि संवेदनशील गुन्हे सोडले तर महाराष्ट्र पोलिसांच्या संकेतस्थळावरूनही उतरवता येते. पोलिसांनी तक्रार घेतलीच नसेल, तर तसं सांगणारी साक्षीदारांची प्रतिज्ञापत्रं. सिव्हिल हॉस्पिटलचा केसपेपर, जखमांचे फोटो, स्थानिक पेपरातली बातमी तारखेसकट. सरपंचाचं "सदर इसम चांगल्या चालचलणुकीचा आहे" हे पत्र सगळे पाठवतात. ते मी फाइलच्या तळाशी ठेवते.

प्रत्येक मराठी कागदासोबत इंग्रजी भाषांतर आणि भाषांतरकाराचं प्रमाणपत्र लागतं: मला दोन्ही भाषा येतात, भाषांतर पूर्ण आणि अचूक आहे, खाली नाव, पत्ता, सही. नोटरी करून शिक्के मारून घेण्यात पैसे घालवू नका. सख्ख्या भावानं भाषांतर केलेलं टाळा, गावातले इंग्रजीचे सर चालतील.

एक गोष्ट मुद्दाम सांगते. त्याला न विचारता आमदाराकडे, पत्रकाराकडे किंवा भारतीय वाणिज्य दूतावासाकडे त्याची असाइलमची हकिगत घेऊन जाऊ नका. अमेरिकी सरकारनंसुद्धा ती माहिती त्याच्या देशाला द्यायची नसते. हरवला आहे, आजारी आहे, एवढ्यापुरती दूतावासाची मदत घेणं वेगळं. आणि ती घ्यायची की नाही हे त्यानं ठरवायचं.

आता पैसे

सरकार वकील देत नाही. इमिग्रेशन कोर्टाकडे फुकट किंवा कमी पैशांत काम करणाऱ्या संस्थांची यादी असते, तिथून सुरुवात करा. सेंटरला तुम्ही फोन लावून त्याच्याशी बोलू शकत नाही, तोच बाहेर लावतो. म्हणून त्याच्या फोनच्या आणि आतल्या दुकानाच्या खात्यात थोडे पैसे टाकणं हा पहिला योग्य खर्च. त्या पैशांत तो नूडल्स घेतो, साबण घेतो आणि तुम्हाला फोन करतो.

जामीन मिळण्यासारखा असेल तर कायद्यानं किमान १५०० डॉलर. प्रत्यक्षात बराच जास्त लागतो. नाक्यावर आलेल्यांना न्यायाधीश जामीन देऊ शकत नाही. त्यांच्यासाठी 'पॅरोल', म्हणजे खटला चालू असताना तात्पुरती सुटका, असतो आणि तो आइसच्या मर्जीवर. २०२५ पासून भिंत ओलांडून आलेल्यांचाही जामीन फार अवघड केलाय. त्यामुळे "पाच लाखांत जामीन करून देतो, आत ओळख आहे" म्हणणारा फोन आला की ठेवून द्या. आत कुणाची ओळख नसते.

अमेरिकेत पत्ता देणारा माणूस मात्र आत्ताच शोधा. त्याच्या घराचा पत्ता, ओळखपत्राची प्रत, लाइट बिल आणि सहीचं पत्र लागतं. जामीन भरणाराही इथला नागरिक किंवा ग्रीन कार्डवाला असावा लागतो. एच-वन-बीवर असलेला तुमचा पुतण्या काचकूच करेल. रागावू नका, त्याचीही भीती खरी आहे. त्याच्यावर दबाव टाकण्यापेक्षा त्याच्या ओळखीतला ग्रीन कार्डवाला शोधा.

बाहेर आला तर खटला संपलेला नसतो. अमेरिकेत आल्यापासून एक वर्षाच्या आत असाइलमचा अर्ज जायला हवा, आणि जुलै २०२५ च्या कायद्यानं त्यावर १०० डॉलर फी लागली. पुढची तारीख इमिग्रेशन कोर्टाच्या संकेतस्थळावर ए-नंबर टाकून बघता येते. तो फ्रेस्नोला गेला, मग न्यू जर्सीत मोटेलवर कामाला लागला, तर प्रत्येक वेळी पाच दिवसांत कोर्टाला पत्ताबदल कळवायचा. नोटीस जुन्या पत्त्यावर गेली, तो तारखेला हजर राहिला नाही, तर त्याच्या गैरहजेरीतच हकालपट्टीचा आदेश निघतो.