औषधाची खात्रीची माहिती कशी शोधावी

औषधाचे नाव मोबाइलवर टाकले की सर्वांत वर जी पाने येतात, ती बहुतेक तेच औषध घरपोच विकणाऱ्यांची असतात. त्यांतील मजकूर दर वेळी चुकीचा असतो असे नाही. परंतु तो कोणी लिहिला, कशाच्या आधारे लिहिला आणि शेवटचा कधी तपासला, हे शोधूनही सापडत नाही. नाशिकमध्ये मेडिकलच्या काउंटरवर फार्मासिस्ट म्हणून काम करताना अशा पानाचा फोटो पुढे करून ‘यात तर वेगळेच लिहिले आहे’ असे म्हणणारे मला सतत भेटतात. ‘इंटरनेटवर काही पाहूच नका’ हा त्यांना सर्रास दिला जाणारा सल्ला मला मान्य नाही. जी गोळी आपण रोज घेतो, तिच्याविषयी माणसाला जाणून घ्यावेसे वाटणारच, आणि त्याने जाणून घ्यावेच. फक्त ते योग्य ठिकाणी आणि योग्य क्रमाने व्हावे, यासाठी हा लेख आहे.

प्रश्न लिहून काढा

आपल्याला नेमके काय हवे आहे, ते एका वाक्यात कागदावर लिहा. ‘ही गोळी जेवणाआधी की नंतर’, ‘अंगावर पाजणाऱ्या आईला चालेल का’, ‘ही बॅच, म्हणजे एकाच वेळी बनवलेला हा साठा, निकृष्ट ठरला आहे का’, ‘हिची कमाल किंमत किती’ या चार प्रश्नांची उत्तरे चार वेगवेगळ्या ठिकाणी मिळतात.

स्ट्रिपवरचे खरे नाव काढा

सगळा शोध फसतो तो याच पायरीवर. सुरुवातीच्या काळात मलाही हिनेच सर्वाधिक छळले, त्यामुळे येथे घाई करू नये असे मी आग्रहाने सांगते.

स्ट्रिपवर सर्वांत आधी नजरेत भरते ते ब्रँडचे नाव, आणि माहिती शोधण्यासाठी तेच सर्वांत कुचकामी. त्याच नावापुढे ‘प्लस’, ‘कोल्ड’, ‘फोर्ट’ किंवा ‘डी’ जोडले गेले की आतील घटक बदलतात, आणि उच्चाराने जवळजवळ सारख्या वाटणाऱ्या दोन ब्रँडांत संपूर्णपणे वेगळी औषधे असू शकतात. म्हणून स्ट्रिप उलटी करा आणि ‘ईच फिल्म कोटेड टॅब्लेट कंटेन्स’ अशा शब्दांनी सुरू होणारा बारीक अक्षरांतील मजकूर शोधा. तेथे घटकाचे नाव, त्यापुढे आयपी, बीपी किंवा यूएसपी यांपैकी काही अक्षरे आणि मग प्रमाण छापलेले असते. आयपी याचा अर्थ त्या घटकाने भारतीय औषधकोशातील म्हणजे इंडियन फार्माकोपियातील कसोट्यांना उतरले पाहिजे; बीपी आणि यूएसपी हे तसेच ब्रिटनचे आणि अमेरिकेचे औषधकोश. यादीच्या शेवटी ‘एक्सिपिएंट्स’ (गोळी बनवण्यासाठी मिसळलेले इतर पदार्थ) आणि ‘कलर’ अशा ओळी येतात, त्या औषधाच्या नाहीत. टायटॅनियम डायऑक्साइड हा गोळीला दिलेला रंग असतो. त्याचीच माहिती वाचून घाबरलेली आणि रक्तदाबाची गोळी थांबवून बसलेली माणसे मी पाहिली आहेत.

दुकानात चार गोळ्या कापून घेतल्या, तर नेमका हा मजकूर किंवा बॅच क्रमांक आणि मुदत छापलेले टोक दुकानदाराकडेच राहते. कापण्यापूर्वी पूर्ण स्ट्रिपच्या मागील बाजूचा फोटो काढू द्या, असे सांगायला संकोचू नका. कोणताही चांगला फार्मासिस्ट त्याला नाही म्हणणार नाही.

घटकाचे नाव मिळाले तरी काम अर्धेच होते, कारण त्या नावापुढचा शब्दही तितकाच महत्त्वाचा असतो. मेटोप्रोलॉल या रक्तदाबाच्या औषधाचे उदाहरण घ्या. एका स्ट्रिपवर ‘मेटोप्रोलॉल सक्सिनेट 47.5 मिग्रॅ, मेटोप्रोलॉल टार्ट्रेट 50 मिग्रॅच्या तुल्य, एक्स्टेंडेड रिलीज’ असा मजकूर असतो, तर दुसरीवर साधे मेटोप्रोलॉल टार्ट्रेट. पहिली गोळी औषध हळूहळू सोडते आणि सहसा दिवसातून एकदा घ्यायची असते. दुसरी साधी गोळी बहुधा दिवसातून दोनदा दिली जाते. केवळ ‘मेटोप्रोलॉल’ एवढेच शोधून जे पान उघडेल, ते यांपैकी कोणत्या गोळीचे आहे हे पाहिले नाही, तर त्या पानावरचा डोस आपल्यासाठी चुकीचाच ठरतो. एसआर, ईआर, एक्सएल, एमआर ही अक्षरे गोळी औषध हळूहळू किंवा नियंत्रितपणे सोडते असे सांगतात, म्हणून तीही लिहून घ्यावीत. प्रमाण मिलिग्रॅममध्ये आहे की मायक्रोग्रॅममध्ये, हेही पाहावे. थायरॉइडच्या गोळीवर एमसीजी, म्हणजे मायक्रोग्रॅम, असते आणि एक मिलिग्रॅम म्हणजे एक हजार मायक्रोग्रॅम.

लहान मुलांच्या पातळ औषधांबाबत मी याहून कडक आहे. पॅरासिटामॉलच्या थेंबांच्या बाटलीत सामान्यतः दर 1 मिलीमध्ये 100 मिग्रॅ औषध असते. सिरपच्या बाटलीवर मात्र प्रमाण दर 5 मिलीचे दिलेले असते, कधी 120 मिग्रॅ तर कधी 250 मिग्रॅ. म्हणजे सिरपच्या 1 मिलीत 24 किंवा 50 मिग्रॅ एवढेच औषध येते. थेंबांच्या बाटलीतले औषध सिरपच्या मापाने पाजले, तर बाळाला दुप्पट ते चौपट मात्रा जाते. म्हणून ‘किती मिली द्यावे’ हा प्रश्न कोठेही शोधू नका. आधी बाटलीवरून दर मिलीला किती मिग्रॅ ते काढा, आणि बाळाच्या वजनानुसार किती मिग्रॅ हवे ते डॉक्टरांकडून लिहून घ्या.

आणखी एक अडचण नावांच्या देशभेदाची. आपल्याकडचे पॅरासिटामॉल अमेरिकेत ॲसिटामिनोफेन होते, साल्ब्युटामॉलचे अल्ब्युटेरॉल, ॲड्रेनलिनचे एपिनेफ्रिन, रिफॅम्पिसिनचे रिफॅम्पिन आणि ग्लिबेनक्लामाइडचे ग्लायब्युराइड. अमेरिकी स्रोतात आपले नाव टाकून काही मिळाले नाही, तर आधी हे दुसरे नाव टाकून पाहावे.

तरीही काही सापडले नाही म्हणून लगेच ‘त्या देशात बंदी आहे’ असा निष्कर्ष काढू नये. डॉम्पेरिडोन हे मळमळीवरचे औषध आपल्याकडे पित्ताच्या गोळीबरोबर सर्रास दिले जाते. अमेरिकेत त्याला मंजुरीच नाही, त्यामुळे तेथील माहितीपत्रकांत ते मिळणार नाही. युरोपात ते आहे, पण 2014 मध्ये तेथील नियामकांनी हृदयावरील परिणामांमुळे मात्रा आणि कालावधी दोन्ही मर्यादित केले. ही माहिती अतिशय उपयोगाची आहे, आणि एकाच स्रोतावर थांबणाऱ्याला ती कधीच मिळत नाही.

स्ट्रिपवर दोन किंवा तीन घटक असतील, तर प्रत्येक घटक स्वतंत्रपणे शोधा आणि घरात चालू असलेल्या इतर स्ट्रिपांशी यादी ताडून पाहा. सर्दीच्या गोळीत पॅरासिटामॉल, तापाच्या गोळीत पॅरासिटामॉल आणि अंगदुखीच्या गोळीतही पॅरासिटामॉल, असे एकाच घरात एकाच दिवशी घडते. निरोगी प्रौढासाठीही त्याची दिवसाची कमाल मर्यादा 4 ग्रॅम आहे.

प्रश्नाप्रमाणे स्रोत निवडा

भारतीय औषधकोश हे नाव ऐकून अनेक जण त्यात डोस शोधायला जातात, आणि तेथे तो नसतो. 1955 मध्ये प्रथम प्रसिद्ध झालेला हा ग्रंथ औषधाची शुद्धता आणि दर्जा कसा तपासावा हे सांगतो. तो आमच्या नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतीतल्यासारख्या औषध कारखान्यातील प्रयोगशाळेसाठी आहे. औषध कशासाठी, किती आणि कोणाला देऊ नये, याकरिता हा औषधकोश काढणाऱ्याच आयोगाने, म्हणजे गाझियाबादच्या इंडियन फार्माकोपिया कमिशनने काढलेली नॅशनल फॉर्म्युलरी ऑफ इंडिया पाहावी. फार्मसी किंवा वैद्यकीय महाविद्यालयात शिकणारे कोणी ओळखीत असेल, तर ग्रंथालयातून ती पाहायला मिळू शकते. आवृत्तीचे वर्ष मात्र आधी पाहा. जुनी आवृत्ती वाचणे हे न वाचण्यापेक्षा वाईट.

घरबसल्या विनामूल्य पाहण्यासाठी सामान्य वाचकाने मेडलाइनप्लस हे अमेरिकी सरकारचे आरोग्य-संकेतस्थळ किंवा ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेची, म्हणजे एनएचएसची, औषधांची पाने वाचावीत. भाषा सोपी असते. ज्याला मूळ माहितीपत्रकच वाचायचे आहे, त्याने अमेरिकेतील औषधांसाठी डेलीमेड आणि ब्रिटनमधील औषधांसाठी ईएमसी ही संकेतस्थळे उघडावीत. स्तनपानाच्या प्रश्नासाठी लॅक्टमेड हा स्तनपान आणि औषधे यांवरचा अमेरिकी माहितीसंग्रह, हा एकच स्रोत मी सुचवते. दुकानांत दिसणाऱ्या ब्रँडांच्या सूचिपुस्तिका ब्रँडवरून घटक ओळखण्यापुरत्या चांगल्या आहेत. डोसासाठी त्यांवर विसंबू नये. किमतीसाठी औषध किंमत नियामक प्राधिकरणाचे ‘फार्मा सही दाम’ हे ॲप पुरेसे आहे.

दोन स्रोतांत फरक आढळला, तर बहुमत मोजू नका. दहा पाने एकाच पानावरून उतरवलेली असू शकतात. कोणता स्रोत नियामकाचा आहे आणि कोणाची तारीख नंतरची आहे, ते पाहा.

बंदी, निकृष्ट बॅच आणि फिरणारे संदेश

‘अमुक औषधावर बंदी’ असा संदेश आला की केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटनेचे, म्हणजे सीडीएससीओचे संकेतस्थळ उघडा. बंदी ही बहुधा विशिष्ट मिश्रणावर, म्हणजे एकाच गोळीत एकत्र केलेल्या ठरावीक औषधांवर, किंवा विशिष्ट वयोगटासाठी असते. 2018 मध्ये 328 आणि 2024 मध्ये 156 ठरावीक मिश्रणांवर बंदी आली, परंतु त्यांतील अनेक घटक एकेकटे आजही वैध आहेत. निमेसुलाइड हे वेदनाशामक 2011 पासून 12 वर्षांखालील मुलांसाठी बंद आहे. संदेशातून मात्र ते वयच गळून जाते.

हीच संघटना दर महिन्याला दर्जाच्या चाचणीत न उतरलेल्या औषधांची यादी प्रसिद्ध करते. तीत औषधाच्या नावाबरोबर बॅच क्रमांक, उत्पादनाची आणि मुदतीची तारीख, कंपनी आणि नापास होण्याचे कारण असते. यादीतील निष्कर्ष त्या बॅचपुरता असतो. वर्तमानपत्रातील मथळा वाचून घरातील गोळ्या फेकून देण्याआधी आपल्या स्ट्रिपवरचा बॅच क्रमांक यादीशी अक्षर न् अक्षर ताडून पाहा. तो जुळला तर गोळी घेणे थांबवा, स्ट्रिप आणि बिल जपून ठेवा, पर्यायी औषधासाठी त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा आणि राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाला 1800-222-365 या निःशुल्क क्रमांकावर कळवा. बिल नसेल तर तक्रार फार लंगडी पडते, म्हणून बिल घेत जा, अगदी दोन गोळ्यांचेही.

1 ऑगस्ट 2023 पासून सर्वाधिक खपाच्या 300 ब्रँडांवर क्यूआर कोड सक्तीचा आहे. तो स्कॅन केल्यावर दिसणारे नाव, बॅच आणि मुदत छापील मजकुराशी जुळली पाहिजे.

मिळालेली माहिती डॉक्टरांसमोर ठेवा

स्रोताचे नाव, पाहिल्याची तारीख आणि नेमके वाक्य कागदावर उतरवून तो कागद पुढच्या भेटीला न्या. ‘नेटवर वाचले’ असे म्हटले की संभाषण तेथेच संपते. ‘ब्रिटनच्या माहितीपत्रकात डॉम्पेरिडोन आठवड्याहून अधिक काळ घेऊ नये असे आहे, मी तीन महिने घेत आहे’ असे म्हटले की डॉक्टरांना उत्तर द्यावेच लागते, आणि माझ्या अनुभवात बहुतेक डॉक्टर ते आनंदाने देतात. तोवर डोस स्वतःहून बदलू नका. रक्तदाब, फिट्स, मधुमेह आणि स्टेरॉइडच्या गोळ्या तर मुळीच एकाएकी थांबवू नका.

औषध घेतल्यावर पुरळ, सूज किंवा दुसरा काही त्रास झाला आणि तो कोठेच लिहिलेला आढळला नाही, तर आधी उपचार घ्या आणि मग भारतीय औषधदक्षता कार्यक्रमाच्या 1800-180-3024 या निःशुल्क क्रमांकावर नोंद करा. रुग्ण किंवा त्याचा नातेवाईकही ही नोंद करू शकतो. फोन करताना स्ट्रिप हाताशी ठेवा, म्हणजे घटक, प्रमाण, बॅच, औषध सुरू केल्याची आणि त्रास सुरू झाल्याची तारीख हे सर्व एकाच वेळी सांगता येते.