काळ्या कव्हरवर पांढरी अक्षरं बुजतात, कडेला लाल-निळी रेघ दिसते: हे करून बघा

रहस्यकथेचं कव्हर म्हटलं की काळा बॅकग्राउंड आलाच. स्क्रीनवर कडक दिसायचं, पण इथं कोल्हापुरात उद्यमनगरात छापून आलं की लेखकाच्या नावाला लाल-निळी कड, अनुस्वार बुजलेले, रफार तर गायबच. फॉन्ट बदलला, प्लेटा नवीन मारल्या, फरक शून्य. नुसता के 100 (फक्त काळी शाई, शंभर टक्के) ठेवला तर अक्षरं स्वच्छ पण काळा राखाडी, खुनाची रात्र ढगाळ दुपारसारखी. लई डोकं फिरलं.

गडद काळ्यासाठी चार शाया (सी निळी, एम गुलाबी, वाय पिवळी, के काळी) एकावर एक बसताना केसभर जरी सरकल्या तरी पांढऱ्यात घुसतात, हे कारण.

फाइल सीएमवायकेत (याच चार शायांच्या मोडमध्ये) घ्या, बॅकग्राउंड सी 60, एम 40, वाय 40, के 100. टायटल व्हेक्टरच ठेवा (पिक्सेलचं चित्र करू नका). मग अक्षरांची कॉपी बरोबर त्यांच्या मागं पेस्ट करून तिला 1 पॉइंट स्ट्रोक (कडेची रेघ) द्या, रंग फक्त के 100, ओव्हरप्रिंट, म्हणजे खालच्या रंगावरच छापणं, बंद (हे विसरलात तर सगळं पाण्यात), म्हणजे बाहेर अर्धा पॉइंट नुसता काळा राहतो आणि बाकीच्या शाया लांब थांबतात. शेवटी सेपरेशन प्रिव्ह्यूत (तिथं एकेक शाई वेगळी बघता येते) के बंद करा, पांढरी अक्षरं थोडी जाड दिसली म्हणजे जमलं.

मागच्या बारकोडला मात्र फक्त के 100 हां, तिथं चार रंग नकोत.