सेन्सरचे आकडे येईनात? सर्व्हर पुसण्याआधी एवढं तपासा

रास्पबेरी पायसारख्या छोट्या लिनक्स संगणकावरचा सेन्सर सर्व्हर, म्हणजे सेन्सरचे आकडे वाचून पुढे देणारा प्रोग्रॅम, गप्प झाला की हात शिवशिवतात ते सगळं पुसून नव्याने इन्स्टॉल करायला. थांबा. दोष वायरीत असेल तर तो तिथेच राहील, लॉग मात्र जातील.

आधी सर्व्हिस (पडद्यामागे चालणारा हाच प्रोग्रॅम) चालू आहे का ते सिस्टमसीटीएल स्टेटस या कमांडने पाहा. 'फेल्ड' असेल तर जर्नलसीटीएलने लॉग उघडा आणि शेवटची ओळ सोडून वर जा. खरं कारण पहिल्या एररमध्ये सापडतं. 'परमिशन डिनाइड' असेल तर सर्व्हिसचा युजर डायलआउट (सीरियल पोर्टसाठी) किंवा आयटूसी (सेन्सर जोडायच्या दोन तारांच्या बससाठी) ग्रुपमध्ये आहे का ते बघा. सर्व्हिस रूट म्हणून, म्हणजे सगळे अधिकार देऊन, चालवणं ही पळवाट झाली. 'ॲड्रेस ऑलरेडी इन यूज' म्हणजे पोर्ट दुसऱ्या प्रोग्रॅमने अडवलाय. बरेचदा तो याच सर्व्हरची मागे राहिलेली प्रत असतो.

सर्व्हिस ठणठणीत, तरी आकडे नाहीत? मग सर्व्हर बंद करून सेन्सरलाच विचारा. माझ्या मते सगळ्यात कामाची पायरी हीच. आयटूसी सेन्सरसाठी आयटूसीडिटेक्ट चालवा; ते सापडलेल्या सेन्सरांच्या पत्त्यांचा तक्ता दाखवतं. बीएमई२८० हा तापमान, आर्द्रता आणि हवेचा दाब मोजणारा सेन्सर ७६ किंवा ७७ या पत्त्यावर दिसायला हवा. तक्ता रिकामा आला तर सॉफ्टवेअरला दोष देऊ नका. वायर, सोल्डर आणि आयटूसीची सेटिंग पाहा.

डीएस१८बी२० हा तापमानाचा सेन्सर असेल तर २८ ने सुरू होणाऱ्या फोल्डरमधली डब्ल्यू१_स्लेव्ह फाइल वाचा. पहिल्या ओळीच्या शेवटी 'येस' हवं. दुसऱ्या ओळीत तापमान हजारपट असतं: २३६२५ म्हणजे २३.६२५ अंश. मधूनच ८५००० आलं तर खोली तापलेली नाही. चिपला वीज मिळाल्यावर तिच्यात हाच आकडा असतो, म्हणजे मोजणी होण्याआधीच तो वाचला गेला. जोडणी सैल आहे का, वीज कमी पडतेय का ते तपासा; डेटा आणि ३.३ व्होल्टच्या तारांमध्ये ४.७ किलोओहमचा रेझिस्टर आहे ना, तेही.

यूएसबी सेन्सर रीबूटनंतरच हरवत असेल तर लिनक्सने त्याला दिलेलं नाव टीटीवाययूएसबी० चं टीटीवाययूएसबी१ झालेलं असू शकतं. कॉन्फिगमध्ये सीरियल फोल्डरच्या बाय-आयडीमधला पत्ता द्या, तो बदलत नाही.

डीएफ -एच या कमांडने मेमरी कार्ड भरलंय का तेही बघून घ्या.

आकडे त्याच संगणकावर दिसतात, पण दुसऱ्यावरून नाही? सर्व्हर १२७.०.०.१ वरच, म्हणजे फक्त त्याच संगणकाचं, ऐकत असेल. एसएस -एलटीएनपी या कमांडने खात्री करा, कॉन्फिगमध्ये ०.०.०.० (सगळ्या नेटवर्कवरून ऐक) करा, आणि तरीही अडलं तर फायरवॉल बघा.