निवारा केंद्राशेजारची गल्ली: तक्रार कुठं आणि कशी करावी

बेघरांचं निवारा केंद्र गल्लीच्या तोंडाशी सुरू झालं की आठवडाभरात सह्यांचं निवेदन तयार होतं: ‘केंद्र इथून हलवा.’ हे निवेदन सहसा फाइलीतच राहतं. कारण केंद्र सरकारच्या शहरी बेघर निवारा योजनेतच जागा स्टँड, रेल्वे स्टेशन, बाजार यांच्या जवळची घ्यायला सांगितली आहे. बेळगावात काय, निपाणीत काय, स्टँड आणि बाजार भर वस्तीतच. केंद्र गावाबाहेर नेलं तर माणसं तिकडं फिरकत नाहीत. बाजारातल्या दुकानांच्या पायऱ्यांवर झोपतात. जागेवरून भांडण्यापेक्षा केंद्र चालतं कसं, यावर बोट ठेवा. तिथं नियम गल्लीच्या बाजूचे आहेत.

सुरुवात वहीने करा. साधी दोनशे पानी वही, रकाने चार: वार आणि तारीख, वेळ, नेमकी जागा, काय दिसलं. ‘दारुडे त्रास देतात’ ही नोंद नव्हे. ‘मंगळवार, रात्री १०.५०, पिठाच्या गिरणीसमोर तिघे पीत बसलेले, खांबावरचा दिवा बंद’ ही नोंद. कोण कुठला, कुठल्या जातीचा, काय भाषा बोलतो हे लिहू नका. एक तर त्यात अंदाजच जास्त असतो, आणि वही पोलिसांपुढे गेली की उलटे प्रश्न तुम्हालाच येतात. पंधरा दिवस नेटानं लिहिलं की नोंदी ठरावीक जागी आणि ठरावीक वेळी गोळा झालेल्या दिसतात. गिरणीसमोर पिणारे केंद्रात राहणारे आहेत की शेजारच्या बारमधून उठून आलेले, हेही तेव्हाच कळतं. हा फरक न करता तक्रार केली की पहिल्याच बैठकीत ती उडते.

आता मूळ दुखणं. योजनेप्रमाणे केंद्र चोवीस तास उघडं हवं. प्रत्यक्षात सकाळी आठला कुलूप लागून संध्याकाळी उघडत असेल, तर मधल्या वेळात माणसं बसणार कुठं? समोरच्या कट्ट्यावर, देवळाच्या ओवरीत. गल्लीला वाटतं रिकामटेकडे वाढले. वाढलेलं असतं फक्त कुलूप. दुसरं, जागा. दर माणशी किमान ५० चौरस फूट धरलेली आहे. ४० बाय २५ फुटांचा हॉल म्हणजे १००० चौरस फूट, म्हणजे वीस माणसं. तिथं पस्तीस कोंबली की भांडणं रस्त्यावर येतात. जागा भरली म्हणून परत पाठवलेला माणूस तुमच्याच शटरखाली झोपतो. तिसरं, केअरटेकर. आठ तासांच्या तीन पाळ्यांना तीन माणसं हवीत. एकच माणूस तिन्ही पाळ्या ओढत असेल तर तो रात्री कडी घालून झोपणारच. मग साडेअकराला कामावरून आलेला हॉटेलातला पोऱ्या दार बडवत बसतो आणि सगळी गल्ली जागी होते.

संडासाचं सांगायला नको. पाणी सकाळी दोन तासच येत असेल तर गटाराचा वापर होणारच. टाकी वाढवून मागा.

दिव्यासाठी खांबावरचा नंबर टिपून घ्या. नंबर नसलेली तक्रार कर्मचाऱ्यापर्यंत पोचत नाही. दिवा गेला असेल तर महापालिका, तारेचा किंवा पुरवठ्याचा घोळ असेल तर हेस्कॉम या वीज कंपनीचा १९१२. दोन्हीकडे एकच तक्रार टाकली की दोघंही एकमेकांकडं बोट दाखवतात.

अर्ज एका पानाचा, एका विषयाचा. बेळगावात महापालिका आयुक्तांना, निपाणीत नगरपालिकेच्या आयुक्तांना, खानापूरसारख्या ठिकाणी मुख्याधिकाऱ्यांना, नगरसेवकाला प्रत. मजकूर कन्नडात, सोबत मराठी प्रत. मराठीतून कागद मिळण्याचा लढा आपल्या जागी आहेच, पण बंद दिव्याची तक्रार त्यात अडकवू नये. टेबलावर अर्ज ठेवून येऊ नका, तारखेचा शिक्का मारलेली पोच घ्या. उत्तर आलं नाही तर माहितीचा अधिकार. फी दहा रुपये, मुदत तीस दिवस. कर्नाटकात अर्ज दीडशे शब्दांत आणि एकाच विषयावर लागतो. चार पानं लिहिली की परत येतो. मागा एवढंच: मंजूर माणसं किती, हॉलचं क्षेत्रफळ, केअरटेकरांचं हजेरीपत्रक, व्यवस्थापन समितीच्या बैठकांचं इतिवृत्त.

एक गल्लत नेहमी होते. भिकाऱ्यांसाठीचं निराश्रित केंद्र वेगळं. ते १९७५ च्या राज्याच्या भिक्षाप्रतिबंधक कायद्याखाली चालतं आणि त्यासाठी घरपट्टीवर तीन टक्के उपकर तुम्ही भरताच. निवारा केंद्रात राहणारा बहुधा हमाल, गवंड्याच्या हाताखालचा गडी, कचरा वेचणारी बाई असते. ‘भिकाऱ्यांना उचला’ असा अर्ज दिला तर तो भलत्याच खात्याकडं जातो.

पोलिसांकडं जाताना वहीतल्या वेळा दाखवा आणि रात्रगस्तीचा एक थांबा त्याच कोपऱ्यावर, त्याच वेळेला मागा. मारामारी, चोरी, छेडछाड चालू असेल तर थेट ११२. एकटं मूल दिसलं तर १०९८. मनोरुग्ण रस्त्यावर भटकत असेल तर त्याला हुसकू नका. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याप्रमाणे त्याला ताब्यात घेऊन चोवीस तासांच्या आत सरकारी दवाखान्यात नेणं पोलिसांचं काम आहे. पुढचे उपचार धारवाडच्या डिम्हान्स या सरकारी मानसोपचार संस्थेतही होतात.

पोरांनी काठ्या घेऊन रात्री पहारा करायचा आणि ओळखपत्रं तपासायची, हे पंचांनी पहिल्याच दिवशी थांबवावं. अनोळखी माणसाचा फोटो ‘मुलं पळवणारा’ म्हणून गल्लीच्या ग्रुपवर टाकणंही तसंच. जुलै २०१८ मध्ये बिदर जिल्ह्यात अशाच अफवेनं एका इंजिनिअरचा जीव गेला. सप्टेंबर २०२२ मध्ये जत तालुक्यातल्या लवंग्यात विजापूरकडून पंढरपूरला निघालेल्या चार साधूंना मार बसला. फोटो टाकणारा आणि पुढं पाठवणारा, दोघांवरही गुन्हा नोंद होऊ शकतो. शंका आली तर फोन पोलिसांना, ग्रुपला नव्हे.

कॅमेरा लावायचा तर आपल्या दारावर आणि रस्त्यावर रोखा. केंद्राच्या दारात किंवा बायकांच्या न्हाणीकडं वळवलात तर तक्रार तुमच्यावरच होईल. किमान तीस दिवसांचं रेकॉर्डिंग राहील एवढी हार्ड डिस्क घ्या. पोलिसांनी फुटेज मागेपर्यंत आठवडा सहज जातो, आणि स्वस्त संचावर तोवर ते पुसलेलं असतं.

शेवटी केंद्राच्या व्यवस्थापन समितीच्या बैठकीला गल्लीतल्या दोघांना बोलवावं अशी मागणी लेखी द्या. त्यात एक बाई असू दे. पौष आणि माघ पौर्णिमेला सौंदत्तीच्या यल्लम्माला जाणाऱ्यांनी स्टँड भरतं, तेव्हा केंद्रावरही ताण येतो. जादा केअरटेकर आणि पाण्याचा टँकर यांचं बोलणं त्याच्या महिनाभर आधी उरकून घ्या.