ट्रॅक्टरमागे ओढायचा जुना नांगर जोडताना

जुना ओढीचा नांगर शेतात नेण्यापूर्वी माती पलटणाऱ्या पंख्यावरचा गंज तारेच्या ब्रशने पार घासून काढावा, कारण गंजलेल्या पंख्याला आपल्याकडची चिकट भातजमीन लगडून बसते आणि ट्रॅक्टरवरचा ताण विनाकारण वाढतो. काम आटोपल्यावर ग्रीस फासून ठेवावे. गोव्याच्या दमट हवेत गंज फार लवकर परततो.

नांगर फक्त ट्रॅक्टरच्या ड्रॉबारलाच (मागे खालच्या बाजूला असलेल्या ओढदांड्यालाच), पिन व कुलूपखिळा घालून जोडावा. साखळी मागच्या आसाला किंवा त्याहून वर कुठेही अडकवली आणि फाळ जांभ्या दगडात रुतला, तर ट्रॅक्टरचे तोंड क्षणात वर उचलले जाऊन तो चालकावरच उलटू शकतो. सत्तरी, पेडणे तालुक्यांतल्या मरड (उंचावरच्या) जमिनीत असे दगड सर्रास लागतात, म्हणून तिथे हळूच चालवावे. नांगराचे पहिले तास (चर) उथळच घ्यावे, मग लिव्हरने खोली थोडी थोडी वाढवावी. मात्र भातखाचरात तळाचा घट्ट थर फोडू नये, नाहीतर पाणी ठरत नाही. नांगर उचलण्याची दोरी हाताला कधीही गुंडाळू नये. अडकलेला दगड काढण्याआधी इंजिन बंद करून ब्रेक लावावा, आणि नांगरावर कोणालाही, हौसेखातरसुद्धा, बसू देऊ नये.